येऊ द्या, येऊ द्या

— नाही, नाही, टेम्पो हलवायचा नाही! हात काढा त्या चावीवरून. कळतंय का अण्णा, अपघात झाल्यावर गाडी हलवली की संपलं — मग कोण कुठं उभं होतं, कोण कुणावर आदळलं, ते ब्रह्मदेवाच्या बापालासुद्धा सांगता येत नाही. पोलीस येईपर्यंत तुमचे बांबू आमच्या गाडीत आणि आमची गाडी तुमच्या बांबूंत, हे असंच राहणार. उतरा खाली. बसा त्या दगडावर. पाणी प्या. बाई बाई, केवढे घाबरलात! पहिलीच वेळ का? आमची तिसरी. म्हणून तर सांगते — आधी बघायचं माणसाला कुठं लागलंय का. तुम्हाला नाही ना? आमच्या ह्यांच्या, मालकांच्या सदऱ्यात काचा गेल्या होत्या, त्या त्यांनी झटकल्या. मी तर खालीच उभी होते. झालं मग, माणसं धडधाकट आहेत. — काय? माझा हात? हाताला काय होतंय, असाच पदरात धरलाय. मूठ आवळायची सवयच आहे मला.

फोटो मी काढलेत. या बाजूनं काढले, त्या बाजूनं काढले, तुमचा नंबर आला, आमचा नंबर आला. विमावाल्यांना फोन करायचा, ते म्हणतील नुकसान काय, आपण म्हणायचं मागची काच. नवीन काच देतात ते — कोरी. एकदम कोरी, वर एक रेघ नाही. आणि हे बघा, जत्रेची माणसं गोळा होतील, कोण म्हणेल ह्याची चूक, कोण म्हणेल त्याची, आपण तोंड उघडायचं नाही. माफी तर बिलकूल मागायची नाही! मघाशी मालकांच्या पाया पडत 'चुकलं साहेब, चुकलं' कशाला म्हणालात? उभ्या टेम्पोची चूक कशी असेल — म्हणजे असेल, असेल, नाही कशाला! बांबू एवढे बाहेर आलेले आणि टोकाला लाल फडकं नको बांधायला? नव्हतं. मालकांनी उतरून बघितलं, नव्हतं. सकाळी तुम्ही स्वतः बांधलंत? मग उडालं असेल, वारा काय कमी आहे का आज. तेवढ्यासाठीच मालक देवळाजवळच्या चौकीत गेलेत पोलिसाला आणायला. टेम्पोच जप्त करायला लावतो म्हणालेत, आणि ते बोलले की करतात. — अहो, रडताय काय? एवढा मोठा बाप्या माणूस! पुसा डोळे.

कुणी बघितलं का, ते महत्त्वाचं. साक्षीदार लागतो. तुम्ही तेव्हा होता कुठं? केबिनमध्ये. मिरचीभजी नि चुरमुरे खात होता, म्हणजे तोंड पुढं — बरोबर? — आरशात? या धुळीत आरशात काय दिसणार हो? ... मी दिसले. बरं, दिसले. हात हलवत होते. मग हलवणारच की! गाडी मागं घेताना कुणीतरी उतरून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायला लागतं, आमच्यात ते काम माझं. मालकांची मान वळत नाही. आरशात बघतच नाहीत ते, माझा आवाज ऐकतात आणि सोडतात गाडी. एवढा विश्वास! आधीच्या दोन्ही वेळा मागंच ठोकली, एकदा दिवा फुटला, एकदा पत्रा चेपला — काच तेवढी वाचली दरवेळी. — 'थांबा' मी कधी म्हणाले? म्हणाले असेन की. तुम्हाला ऐकू आलं नसेल, जत्रेचा भोंगा केवढ्यांदा ओरडत होता.

त्याच मेल्या भोंग्यानं केलं सगळं! ऐकलंत ना, काय ओरडत होता? 'नीलांबिका गाडीवाले, रस्ता अडलाय, गाडी काढा. नीलांबिका गाडीवाले, गाडी काढा.' अख्ख्या बनशंकरीच्या जत्रेत तेच नाव! मागच्या काचेवर आहे ते — होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळ्याधमक अक्षरांत, कडेनं वेलबुट्टी. लोक पोरांची नावं घालतात, देवाचं घालतात, आमच्या गाडीवर हिचं. ही कोण? मालकांची पहिली. मी घरात यायच्या आधीच गेली, तापानं. आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या बाईवर काय जळायचं? जळते मी. जळते! जिवंत असती तर भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, तिच्या आमटीत मूठभर मीठ टाकून आले असते. हिचं काय करू, सांगा ना? ही म्हातारी होत नाही, हिची भाकरी करपत नाही, हिचे गुडघे दुखत नाहीत. मी भरली वांगी करते, मालक ताट पुसून खातात आणि म्हणतात, 'अगदी तशीच झालीत.' तशीच! माझ्या हातची कधी व्हायची ती? गाडी घेतली तेव्हा मी काय माझं नाव घाला म्हटलं होतं? म्हटलं, देवीचं घाला. तर म्हणे, 'तिला गाडीतनं बनशंकरीला यायचं होतं गं.' आता काय बोलणार यावर? पेट्रोल भरणारा मला म्हणतो, 'नीलांबिका अक्का, जरा पुढं घ्यायला सांगा.' आत्ता तासाभरापूर्वी ती कासारीण — गाडी बघितली असणार तिनं — माझा हात दाबत म्हणते, 'नीलांबिकाबाई, हात सैल सोडा.' माझ्या हातातल्या नव्या बांगड्यासुद्धा तिच्या नावानं! तुम्ही तरी विचारलंत का माझं नाव? कस्तुरेव्वा. कस्तुरेव्वा आहे माझं नाव.

आम्ही जेवत होतो हो, त्या लिंबाखाली. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, सगळं पहाटे उठून केलेलं मी. भोंग्यावर ते नाव आलं आणि मालकांचा घास हातातच राहिला. मान वर केली आणि हसले. लांबून कुणीतरी ओळखीच्यानं हाक मारावी तसे. माझ्याकडं बघून असं एकदा तरी — जाऊ दे. उठले, गाडीत बसले, मी मागं जाऊन उभी राहिले. बांबू दिसत होते की मला. न दिसायला काय झालं, लाल फडकं तोंडासमोर फडफडत होतं —

नव्हतं! फडकं नव्हतं म्हणते ना. माझ्या हाताकडं कशाला बघताय असं?

आले बघा. मालक आले, हवालदार पण आहे बरोबर. आता तुम्ही गप्प राहायचं, मी बोलते. अहो, इकडं, टेम्पो इकडं आहे! तिकडं कुठं निघालेत... खाली का बसले? काय झालं त्यांना? — शेला पसरलाय खाली. काचा वेचतायत. हवालदार काहीतरी विचारतोय, ह्यांचं लक्षच नाही. ते चिकटवलेलं नाव ना, त्यानं काचेचे तुकडे धरून ठेवलेत बघा, एकेक अक्षर अख्खं निघतंय. 'नी' मिळाला. हातानं माती झाडतायत त्याची. अहो, हात कापेल! मालक, हात कापेल हो! — ऐकू नाही गेलं. गाडी मागं घेताना बरा ऐकू येतो माझा आवाज.

रक्त आलं, अण्णा. बोटाला रक्त आलं त्यांच्या, आणि तसंच वेचतायत. आता ते घरी नेतील, कपाटात ठेवतील, रोज सकाळी उघडून बघतील. गाडीवर होतं तेच बरं होतं की हो. काय करून बसले मी हे! मी उद्या गेले तर असं कोण वेचणार आहे माझं?

हे घ्या. घ्या म्हणते ना. तुमचंच आहे. मालक मान चोळत उतरेपर्यंत सोडून घेतलं मी — इरकली लुगड्याच्या लाल पदरात लाल फडकं, कुणाला दिसतंय. हवालदाराला दाखवा, सांगा बांधलेलं होतं म्हणून. आणि मागं कोण उभं होतं, 'येऊ द्या, येऊ द्या' कोण म्हणत होतं असं विचारलं, तर अक्का-बिक्का म्हणू नका. नाव सांगा. मालकांना ऐकू जाईल असं मोठ्यांदा सांगा — कस्तुरेव्वा. जा आता.