दाराला हात लागेपर्यंत टाळी नको

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कृत्रिम अवयव केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे कार्यशाळेचे साहेब, मला पहिल्यांदा हातात कानस धरायला शिकवणारे वडीलधारे मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेले माझे दादा-वहिनी, आणि काही स्वतःच्या, तर काही आम्ही बनवलेल्या पायांवर चालत इथवर आलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, नमस्कार.

मिस्त्री, तो पाण्याचा ग्लास जरा पलीकडे सरकवा. आज तो माझ्या हातून सांडणार आणि समोर विजेचा माईक आहे.

हसा, हसा. तुम्ही मला ‘तोफ’ म्हणता. बावीस वर्षांत मी याच जागेवरून एकोणीस जणांना निरोप दिला. प्रत्येकाला ठणकावून सांगितलं, ‘निर्धास्त जा! नवं गाव, नवी माणसं, त्यात भ्यायचं काय?’ त्या एकोणीस जणांची मी आज जाहीर माफी मागते. मला काडीचीही कल्पना नव्हती.

मी घाबरले आहे. सव्वासहाची गाडी आहे. सामान त्या मागच्या दारापाशी ठेवलंय. दोन बॅगा आणि एक पुस्तकांचं खोकं. माझा राजीनामा मात्र अजून साहेबांच्या टेबलाच्या खणात आहे, हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नसेल. साहेब म्हणाले होते, ‘बाई, समारंभ संपेपर्यंत मी यावर सही करत नाही. विचार बदलला तर नुसती मान हलवा, मी कागद फाडून टाकतो.’ त्यांनी हे चांगल्या मनानं केलं. पण घाबरलेल्या माणसासमोर परतीचं दार उघडं ठेवणं म्हणजे काय, ते मी आठ दिवस भोगते आहे. अध्यक्षबाई, मला दहा मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार, हे आधीच सांगते. कारण हे भाषण संपलं की मला एक तर मान हलवावी लागेल, नाहीतर चालावं लागेल.

हे सुरू कसं झालं? दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तोवर माझं शहर म्हणजे दवाखाना, औषधाचं दुकान, केंद्र आणि घर. ती गेली, आणि माझ्या लक्षात आलं की मी या शहरात राहायला कधी आलेच नव्हते. जन्मले होते आणि मग थांबले होते. सेहेचाळीस वर्षं. दादा लगेच म्हणाला, ‘आमच्या गावी, आमच्याकडे ये. मुलांची अभ्यासाची खोली रिकामी केलीय.’ वहिनींनी पडदेसुद्धा बदलले. माझ्या आवडीचा रंग लक्षात ठेवून. वहिनी, मी ते विसरलेले नाही. पण मी दादाला म्हटलं, ‘मला स्वतः एक शहर निवडायचंय.’

दादा म्हणाला, ‘का? काही झालं का?’

मंडळी, हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल? मुलीचं लग्न झालं, गाव बदललं, कुणी विचारत नाही. नोकरीत बदली झाली, मुलं परगावी शिकायला गेली, तरी कुणी विचारत नाही. पण एखादी बाई कुणाच्या मागून नाही, कुणाच्या सोबत नाही, आपल्या आपण एक शहर निवडते म्हटल्यावर लोक आवाज खाली आणतात. जणू तिला काहीतरी दुखणं झालंय. मी या गोष्टीवर चिडते, आणि आजही चिडणार आहे! एकटा माणूस म्हणजे पंगत उठल्यावर उरलेला माणूस नव्हे. तो एकटा एक आख्खं घर असतो. त्याला दिशा असते, खिडक्या असतात, आणि घर कुठे बांधायचं हे ठरवायचा हक्कही असतो.

हे झालं भाषण. आता खरं सांगते.

शहर निवडायला बसले तेव्हा मी अशी चूक केली, जी आपल्या धंद्यातला माणूसच करू जाणे. आपण नवा पाय कसा बनवतो? शाबूत पायाचं माप घेतो. लांबी, घेर, रंग, सगळं त्याच्यासारखं. मीही तेच केलं. या शहराचं माप घेतलं आणि त्याच्या जोडीचं शहर शोधलं. तेवढीच वस्ती, तसाच नदीवरचा पूल, तसेच सपाट रस्ते, तसंच एक केंद्र. खिडकीवर नावनोंदणी करणाऱ्या आपल्या बाई म्हणाल्या होत्या, ‘अगं, लग्नाला स्थळ बघतात तसं काय शहर बघतेस? पत्रिका जुळवतेस का?’ मी म्हटलं, ‘जुळतेय ना, मग झालं तर!’

चार दिवस तिथे जाऊन राहिले. काय सांगू तुम्हाला! प्रत्येक वळणावर ओळखीचं माणूस दिसायचं आणि जवळ गेल्यावर ते दुसरंच निघायचं. पुलावर पाठमोरी आई दिसली. मी चक्क हाक मारली. ती बाई वळली, भलतीच निघाली बिचारी. चौथ्या दिवशी मी पळून आले.

त्याच आठवड्यात आपले शिंपीकाका तपासणीला आले. ते बघा, तिसऱ्या रांगेत, मान डोलावताहेत. त्यांचा पाय मीच बनवलेला. माझं सगळ्यात देखणं काम, मिस्त्रींनी पाठ थोपटली होती. मी विचारलं, ‘काय काका, कसा आहे पाय?’ तर म्हणतात, ‘बाई, हुबेहूब आहे हो. तीच तर पंचाईत आहे. सकाळी बघतो तर दोन पाय, जुन्यासारखाच टाकायला जातो आणि आपटतो. जरा वेगळा दिसला असता, तर आठवण राहिली असती की आता नव्यानं चालायचंय.’

काका, तुमच्या त्या एका वाक्यानं माझा सगळा हिशेब उलटला. मी नकाशा पुन्हा उघडला आणि इथल्या मापाचं काहीच नसलेलं शहर निवडलं. चढउतारांचं. तिथे सरळ रस्ता म्हणून नाहीच. भाजी आणायला एकशे बारा पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या. आणि तिथल्या अवयव केंद्रात जागाही होती.

यंदा आठ दिवस तिथेही राहून आले. भाड्याच्या खोलीसाठी गेले तर घरमालक विचारतात, ‘घरात कोण कोण?’

‘मी.’

‘आणि?’

‘मीच.’

‘नाही, म्हणजे सोबत?’

‘पुस्तकं आहेत.’

खोली मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे आंघोळ उरकली आणि न्हाणीघराची कडी अडकली. सरकेचना. मी हाका मारल्या. अहो, ज्या बाईनं मोर्चात माईकशिवाय मैदानाच्या टोकाला आवाज पोचवला, तिनं पाऊण तास हाका मारल्या आणि एका माणसाला ऐकू गेल्या नाहीत! उलट्या बादलीवर बसून राहिले. मी आयुष्यात पुष्कळ वाचलंय. दर्यावर्दींची वर्णनं वाचली, परागंदा झालेल्यांची आत्मचरित्रं वाचली, एकट्यानं ध्रुवाकडे निघालेल्यांची पुस्तकं वाचली. बादलीवर बसलेल्या बाईच्या उपयोगाचं त्यांतलं एक पानही आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की, मी इथे मेले तर कुणाला केव्हा कळेल?

शेवटी पाण्याच्या मगाच्या बुडानं ठोकून ठोकून कडी काढली. ओल्या केसांनी तशीच दुकानात गेले आणि नवी कडी मागितली. दुकानदार म्हणाला, ‘घरातल्या कुणाला तरी पाठवा, कशी बसवायची ते समजावून सांगतो.’ मी म्हटलं, ‘भाऊ, मीच घरातलं कुणीतरी. पाय बसवते मी माणसांना, कडी नाही बसवता येणार?’ बसवली. त्या शहरात माझ्या हातची आता एक वस्तू आहे. चार स्क्रूंची. मी त्या जोरावर तिथल्या केंद्राला होकार कळवून आले.

पण भीती त्या कडीबरोबर निघाली नाही. तिथल्या केंद्राचा अर्ज आलाय, तो माझ्या पर्समध्ये आहे. त्यात एक ओळ आहे, ‘तातडीच्या प्रसंगी कळवायची व्यक्ती, याच शहरातील.’ याच शहरातील! महिना झाला, मी त्या ओळीसमोर पेन घेऊन बसते. नाव, वय, शिक्षण, अनुभव, सगळं भरलंय. ती एक ओळ कोरी. काल दादानं तो अर्ज पाहिला. रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले असते, ते मला जमतं. तो हळूच म्हणाला, ‘अगं, ही ओळ भरता येत नसेल तर नको जाऊस. आमच्या गावात ही ओळ भरलेली आहे.’ दादा, मी तो अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. काल रात्रभर मी मान हलवायचं ठरवत होते. अगदी आत्ता, माझी ओळख करून दिली जात होती तेव्हाही मी साहेबांकडे पाहिलं. साहेब, तुम्ही खिशातून चष्मा काढलात. तुम्हाला वाटलं, मी हलवली.

मग माझी नजर त्या भिंतीवर गेली. तिथे पाटी आहे, ‘दाराला हात लागेपर्यंत टाळी नको.’ नव्यांना वाटतं, केंद्राची शिस्त. जुन्यांना कारण माहीत आहे, पण माझ्यासमोर कुणी बोलत नाही. आज मीच सांगते.

अकरा वर्षांपूर्वी पोस्टातल्या एक बाई नव्या पायावर पहिल्यांदा चालत होत्या. दोन कठड्यांमधून पाच पावलं, मग कठडे सोडून दारापर्यंत आठ. कठडे सोडले, तीन पावलं झाली, आणि मला राहवलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, ‘शाब्बास!’ बाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघून हसल्या, आणि कोसळल्या. मनगट मोडलं. त्यांना बघायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुमच्या टाळीपायी मी पायावरचं लक्ष काढलं हो.’ दुसऱ्या दिवशी ती पाटी मी स्वतः रंगवली. आणि त्या बाई? प्लास्टर निघाल्यावर पुन्हा आल्या. मी विचारलं, ‘भीती नाही वाटत?’ म्हणाल्या, ‘वाटते ना. पण ती जाईपर्यंत उभी राहिले, तर उभीच राहीन.’

तेव्हा साहेब, मी मान हलवत नाहीये. माझी मान थरथरतेय, तिचा तसा अर्थ घेऊ नका. कृपा करून खणातला कागद काढा आणि माझ्यादेखत सही करा.

झाली? आभारी आहे.

ती ओळ मी कोरीच घेऊन जाते आहे. तिथल्या बाबूंना सांगेन, थोडे दिवस द्या, माणूस ओळखीचं व्हायला वेळ लागतो.

अध्यक्षबाई, तुम्ही माझा हट्ट चालवून घेतलात. मिस्त्री, तुम्ही हात घडवला. काका, तुम्ही खरं बोललात. वहिनी, ते पडदे तसेच राहू द्या, मी सुट्टीत येईन. तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तोफेला नेम कमीच असतो.

आता एकच विनंती. मी इथून खाली उतरेन आणि मधल्या वाटेनं मागच्या दारापर्यंत जाईन. तीस-बत्तीस पावलं असतील. कुणी टाळी वाजवू नका. टाळी ऐकली तर मी वळून बघेन, आणि वळले तर मी जायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दादा, तूही बस. बॅगा उचलायला उठू नकोस. दाराला माझा हात लागू दे.

मग वाजवा.