घरासोबत राहणाऱ्या वस्तूंची यादी

...आणि वर म्हणतात, घराला कुत्र्याचा वास येतो. आता तुम्हीच सांगा, अकरा वर्षं कुत्रा राहिलेल्या घराला काय चंदनाचा वास येणार? पण एजंट आला की पहिल्यांदा नाक उचलणार, मग खिडक्या उघडणार, मग हळू आवाजात, जणू घरात कुणी आजारी आहे, “ताई, जनावरं दिसता कामा नयेत हं. माणूस घर बघायला येतो, त्याला आपलं भविष्य दिसलं पाहिजे, तुमचा भूतकाळ नाही.” मी म्हटलं, अहो, भूतकाळ कसला, तो काय सोफ्यावर घोरतोय. खरं सांगायला काय हरकत आहे?

तर तुम्हाला सांगते, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. दोन गल्ल्या सोडून एक तळमजल्यावरचं घर मिळत होतं, पण त्या मालकाने महिनाअखेरपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलेलं. म्हणजे त्याआधी आमचं विकलं गेलं पाहिजे. आणि विकलं जावं म्हणून काय करायचं, तर प्रत्येक वेळी कुणी बघायला आलं की आमच्या ढोल्याला खाली न्यायचं. ढोल्या म्हणजे कुत्रा, चौतीस किलो, आणि बाबांशिवाय जिना उतरत नाही. काढा आता हिशेब... ज्या गुडघ्यांसाठी घर विकायचं, तेच गुडघे घर विकण्यासाठी रोज तीन मजले खाली-वर. ठमीचं, म्हणजे मांजरीचं, त्या मानाने सोपं. तिला टोपलीत घालायचं, वर टॉवेल टाकायचा आणि शेजारच्या काकूंच्या बाथरूममध्ये ठेवून यायचं. हे काम आईचं. मी नाही म्हणून सांगितलं होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

अकरा जणांना असं फसवून झालं. एकानेही घर घेतलं नाही, ते वेगळं.

बाराव्या वेळी बाबा जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच बसले. कण्हले नाहीत, काही नाही, नुसते बसले, आणि ढोल्या त्यांच्या पायावर बसला. मी दोघांना वर आणलं आणि जाहीर केलं, आता कुणी कुठे जाणार नाही. खरं सांगायला काय हरकत आहे? एजंटाने एक कागद देऊन ठेवला होता, घरासोबत काय काय राहणार ते लिहा म्हणून. लोक काय लिहितात? पंखे चार, कपाटं दोन, गिझर एक. मी सगळंच लिहिलं. पंखे चार, त्यातला एक कुरकुरतो. बेडरूमची खिडकी पावसात फुगते. दाराच्या चौकटीवर कुत्र्याचे ओरखडे. स्वयंपाकघराच्या खिडकीत मांजर एक, वय सहा, ऊन असेपर्यंत. एजंटाने न वाचता झेरॉक्स काढली. तो कशाला वाचतोय!

त्यानंतर घर बघायला आल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. ढोल्या दारात आडवा पडलेला, त्याला ओलांडून आत आल्या. खिडकीपाशी उभं राहून यादी वाचली, चष्म्यावरून ठमीकडे पाहिलं. ठमीने पाहिलं नाही.

“यात लिहिलंय ते सगळं आहे ना, नक्की?”

“शब्द न् शब्द,” मी म्हटलं. छाती फुगवून म्हटलं.

चार दिवसांनी एजंटाच्या ऑफिसात करार. बाईंनी पेन उघडायच्या आधी यादी मोठ्याने वाचायला घेतली, वर्गात हजेरी घेतात तशी. पंखे चार. कपाटं दोन. मांजर एक.

आई माझ्याकडे बघायला लागली. एजंट हसत म्हणाला, ते चुकून पडलंय, खोडून टाकू. बाईंनी पेनाला टोपण लावलं. “मग मला पुन्हा विचार करावा लागेल. बाकी घर काही फार विशेष नाही.”

आता बोलायला हवं होतं ना मी? भाषण तयार होतं हो... सजीव प्राणी ही वस्तू नव्हे, यादी म्हणजे वर्णन, बक्षीसपत्र नव्हे. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठायला गेले आणि दोनदा प्रयत्न करून पुन्हा बसले. खरं सांगायला काय हरकत आहे? आहे. महिनाअखेर तीन दिवसांवर होती. मी तोंड मिटलं. सह्या झाल्या.

सामान हलवलं त्या दिवशी ठमीला टोपलीत मी घातलं. टॉवेल मी टाकला. जिना उतरताना बाई समोरून वर येत होत्या, म्हणाल्या, “काय आहे गं त्यात?” मी म्हटलं, भांडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. आवाज शांत. “तुमची भांडी खिडकीत येऊन बसलीत.”

जाऊन आणली. परत गेली. तीनदा आणली, तीनदा गेली. आता आम्ही नाद सोडलाय. दिलेला शब्द आमच्यापैकी एकटीनेच पाळला, आणि तिने तर सहीसुद्धा केली नव्हती.