तंगूस भरताना

बाबा : घट्ट धर. ओल्या फडक्यातून जाऊ दे. ढिला गेला तर उद्या धरणावर माझी फजिती.

मी : धरलाय बाबा. बोट कापायला लागलंय.

बाबा : कापणारच. मासे धरायचा नायलॉनचा तंगूस आहे, लोकर नाही. थांब, थांब. बंडल उलटं धरलंस. लेबल वर पाहिजे.

मी : त्याने काय फरक पडतो?

बाबा : बघ आता. दहा वेढे घेतले की जरा सैल सोडायचा. पीळ पडला? पडला. बंडल पालट. आता सोड. पडतो का? तीस वर्षं वर्कशॉपात पोरांना हेच सांगत आलो, ज्या अंगाने उलगडतं त्याच अंगाने गुंडाळायचं.

मी : एसटीच्या वर्कशॉपात तंगूस भरायचात?

बाबा : केबल भरायचो. हसू नकोस, हात हलतो.

मी : मी म्हटलं होतं, चांगलं जपानी रीळ घेऊन देते. वाढदिवसाला कधी काही मागत नाही तुम्ही.

बाबा : कशाला? महागाचं रीळ हातात असलं की माणूस पाण्याकडे बघत नाही, रिळाकडेच बघत बसतो. हे बघ, तीन हजार नंबरचं. ना फार लहान, ना फार मोठं. चिलापीला चालतं, मरळ लागला तरी कुरकुरत नाही. दुकानदार दुप्पट किमतीचं गळ्यात मारत होता. मी हँडल धरून हलवलं, खुळखुळ नाही. ब्रेक सैल करून दोरा ओढला, धक्के नाहीत. म्हटलं, बास. सगळ्या कामाला हे एकच.

मी : तुमच्यासारखंच आहे.

बाबा : सगळ्या कामाला एक?

मी : हो.

बाबा : आणि स्वस्त. म्हण की, म्हण. घरात आईही तेच म्हणते.

मी : थांबा हं, ऑफिसचा फोन. हॅलो, हो सर... नाही, फाइल सृष्टीकडे आहे...

बाबा : निकी, हात.

मी : ...हो, उद्या संध्याकाळपर्यंत मी पुण्यात असेन. सोमवारी नक्की देते. हो. ठेवते... सॉरी बाबा. ढिला गेला का?

बाबा : गेला थोडा.

मी : मग काढा सगळा. परत भरू.

बाबा : असू दे. खालच्या थरात गेलाय. तिथपर्यंत फेकायची ताकद कुठं राहिलीय आता? धर, वरचा घट्ट भरू. सकाळी येतेस?

मी : कुठे?

बाबा : कुठे म्हणजे? धरणावर. साडेपाचला निघू, नऊला परत. तुझी गाडी बाराची.

मी : बॅग भरायचीय.

बाबा : आधी अभ्यास होता, मग नोकरी, आता बॅग. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून येत होतीस. सहा वर्षं, एक रविवार चुकवला नाहीस. ताप होता तरी आलीस एकदा, आईने दोघांनाही जेवायला दिलं नव्हतं. आणि एकदम बंदच. का गं?

मी : दहावी होती.

बाबा : दहावी एकच वर्ष असते. तुला वीस वर्षं पुरली.

मी : बाबा, भरत आलं बघा.

बाबा : त्याच वर्षी अमित यायला लागला. मला वाटलं, बरं झालं, चुलतभावाची सोबत होईल तुला.

मी : काठोकाठ होईल. थांबा.

बाबा : थांबतो. काडेपेटीच्या काडीएवढी जागा सोडायची कडेला. नाहीतर पहिल्याच फेकीत सगळा भसकन बाहेर. तुझ्यासारखं बंडल कुणी धरत नाही, निकी. अमितला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं.

मी : तेवढंच तर करायचे मी.

बाबा : तेवढंच कसं? निम्मं काम ते.

मी : हो.

बाबा : मग? येतेस?

मी : पुढच्या वेळी, बाबा. नक्की.

बाबा : बरं. काप इथून.

(तेवीस दिवसांनी, सकाळी, धरणाच्या काठावर. सहादू काका इथल्याच गावचे. बाबा वारले त्या सकाळी सोबत तेच होते.)

सहादू काका : हितंच बसलं होतं साहेब. या दगडाला पाठ लावून. तू कशाला आली गं पोरी एवढ्या लांब? मी आलो असतो की गंगापूर रोडला, तुमच्या घरी. साहेबांच्या जलदान विधीला आलतो, पर माणसं लय होती. बोलताच आलं नाय तुझ्यासंगं.

मी : घरी विचारता येत नाही काका. आई उठून आत जाते. मला सगळं ऐकायचंय.

सहादू काका : ऐकून काय करती?

मी : माहीत नाही. सांगा.

सहादू काका : नवं रीळ होतं ना, लय खूश. पहिली फेक बरी गेली. दुसरी जोर लावून लांब टाकली, तर तंगूस गोळा होऊन बाहेर आला. ह्यो एवढा गुंता. मी म्हणलं, फोरमनसाहेब, मारा ब्लेड. माझ्याकडं हाय दुसरा तंगूस. तर नाय म्हणले. पोरीनं भरलाय, सोडवतो.

मी : माझ्यामुळेच झाला तो. मी फोनवर होते. हात ढिला पडला.

सहादू काका : त्यांना ठावं होतं की.

मी : बोलले तुमच्याजवळ?

सहादू काका : हसत होते. म्हणले, सहादू, ह्यो गुंता नाय, ही पुण्याची कंपनी हाय.

मी : मग?

सहादू काका : मग घाम फुटला. ऊन चढलं नव्हतं, मी म्हणलं घाम कशाचा? पाणी दिलं. एक घोट घेतला, नको म्हणले. गावातल्या नवनाथची पिकअप बोलावली, मी मागं बसलो त्यांना धरून. गंगापूर गाव यायच्या आत डोकं माझ्या खांद्यावर आलं. तेवढंच.

मी : मी नीट धरलं असतं तर सोडवत बसले नसते.

सहादू काका : येडी का काय? गुंता सोडवून मरतं का कोणी? डॉक्टर काय म्हणला? हार्ट लय दिसांपासून खराब होतं. त्ये काय तुझ्या फोननं झालं?

मी : सोडवताना आणखी काही बोलले?

सहादू काका : बोलायचं काय. मासे, पाणी.

मी : माझ्याबद्दल?

सहादू काका : जाऊ दे ना आता.

मी : काका.

सहादू काका : ...म्हणले, काल पोरीला विचारलं, यायची बंद का झाली. सांगत नाय. मंग जरा येळानं आपलं आपणच म्हणले, मी काठावर लय बडबड करायचो, सहादू. लहान पोर ती, कटाळली आसंल. मला म्हणले, तू मधीमधी टोकत जा. पुढच्या बारीला येणार हाय ती. गप बसायची सवय करतो तवर.

मी : असं म्हणाले?

सहादू काका : आणि बसले की गप. अर्धा तास. मला करमंना. त्यांच्या तोंडाला कुलूप मी कधी बघितलंच नव्हतं.

मी : शेवटचा अर्धा तास?

सहादू काका : तू विचारलं म्हून सांगितलं. नायतर सांगणार नव्हतो. घे, पाणी पी.

मी : मला कंटाळा नव्हता आला हो. ती बडबड ऐकायलाच तर मी तापातसुद्धा...

सहादू काका : मंग काय झालतं?

मी : फार लहान गोष्ट आहे. पस्तीस वर्षांच्या बाईने सांगावी अशी नाही. म्हणून तर त्यांना सांगता आली नाही.

सहादू काका : लहान गोष्टीसाठी माणूस वीस वर्षं गप ऱ्हातो व्हय? सांग. हितं मी हाय नि मासे हायेत. आमच्यातलं कोणी बाहेर बोलायचं नाय.

मी : तुम्हाला नाही. त्यांना सांगायचंय.

सहादू काका : मंग त्यांना सांग. मी जातो तिकडं, चिंचेखाली.

मी : नको, बसा. एकटीने जमणार नाही.

सहादू काका : बसलो. बोल.

मी : बाबा... तुम्ही गप बसू नका. तुमच्या बोलण्याचं काही नव्हतं. सहा वर्षं मी बंडल धरलं, गांडुळांचा डबा धरला, तुमची चप्पल धरली. मला वाटायचं, असंच शिकतात, एक दिवस तुम्ही म्हणाल, ये निकी, आता तू. अमित आला, त्याच रविवारी तुम्ही रॉड त्याच्या हातात दिला. त्याला विचारलंही नाहीत, हवाय का म्हणून. मी घरी येऊन सांगितलं, अभ्यास आहे. वाटलं होतं, तुम्हाला कळेल. तुम्ही विचारत राहिलात आणि मी दहावी, दहावी करत राहिले. दहावी नव्हती, बाबा. मलाही गळ टाकायचा होता.