सृष्टी रविवारचा धूर

हॅलो? … हो, बोल. … नाही, झोपले नव्हते, दवाखान्यातून आत्ताच आलेय. … कोण म्हणजे? घंटेवाल्या आजी! चर्चच्या मागच्या खोलीत राहतात त्या. काल रात्रभर नळीनं श्वास घेत होत्या, आणि तू मला विचारतेस कोण?

… माफी? कसली माफी?

… अच्छा. कमिटीच्या टेबलावर मी जळक्या प्लेटांचं पोतं ओतलं म्हणून. चिटणीससाहेबांच्या शर्टाला काजळी लागली म्हणून! … अगं, तुझा नवरा असेल तो घरी. तिथं चिटणीसच ना?

नाही, नाही, ऐक ना. काल काय होतं? सृष्टी रविवार. फलक केवढा, दोन खांबांना बांधलेला, तोही प्लास्टिकचा! पाळकसाहेब तासभर बोलले, माणूस हा देवाच्या सृष्टीचा कारभारी आहे म्हणून. सगळ्यांनी मान डोलावली. आणि बाहेर येऊन जेवले कशात? थर्माकोलमध्ये.

… पर्याय नव्हता? कपाटभर स्टीलची ताटं आहेत चर्चची! मी म्हटलं, आम्ही बायका धुतो. तर तुझे हे काय म्हणाले माहीत आहे? 'पाण्याची नासाडी होईल.' … हसू नकोस. … मग नाक का ओढतेस? … सर्दी? … बरं.

… हो, रोपं लावली. तीन माणसं एका रोपाला धरून उभी, फोटोपुरती. रोप बिचारं पिशवीसकट खड्ड्यात! पिशवी फाडायचं कुणाला सुचलं नाही. अशांच्या हाती देवानं पृथ्वी दिली. त्याच्या धीराची कमाल आहे.

… अगं, कचरा सगळीकडेच जाळतात, मान्य. पण त्या थर्माकोलच्या प्लेटा, आजींच्या खिडकीखाली? दमेकरी बाई, दार लावून पडलेली. मी गेले तेव्हा ओठ निळे पडले होते. हाक मारायलाही आवाज नव्हता तिच्या गळ्यात. नवऱ्यानं जन्मभर त्या चर्चची घंटा वाजवली, आणि हिला साधं 'वाचवा' म्हणता येईना!

… नाही, जोरात बोलेन. … शोभत नाही? कमिटीला काय शोभलं ते सांग. मी विचारलं, काडी कुणी लावली? सगळे छताकडे बघायला लागले. देव तिथं बसून उत्तर देणार होता जणू! भित्रे मेले.

… काय?

… पुन्हा सांग.

… तू?

… का गं? … बिशपसाहेब रोपं बघायला मागे येणार होते, म्हणून ढीग दिसायला नको. … हो, कळलं. नवऱ्यानं सांगितलं आणि तू पेटवलंस. खिडकी दिसली नाही तुला? … दिसली होती. … रडू नकोस. रडून आजींच्या छातीतला धूर निघत नाही.

… थांब, मागे कोण बोलतंय? … फोन स्पीकरवर आहे? पहिल्यापासून?

वा! चिटणीससाहेब, नमस्कार. बायकोच्या हाती काडी दिलीत, आता फोनही तिच्याच हाती दिलात? या ना, बोला. … बोला, मी ऐकतेय. … हॅलो? … हॅलो?

… कोण, तूच? ते कुठं गेले? … आत? दार लावून? जाऊ दे. असा माणूस दाराच्या कुठल्याही बाजूला असला तरी काय फरक पडतो.

तू बोल. … अगं, माझी माफी कशाला मागतेस? माझा श्वास नीट चाललाय. … हो, आजी बोलतात आता, थोडं थोडं. … काय म्हणतील ते मला काय माहीत? नाही म्हणाल्या तर ऐकून घ्यायचं. … नाही, तुझ्या वतीनं मी नाही बोलणार. दारापर्यंत येईन. आत तू एकटी जायचंस.

… नवऱ्याला विचारून? … हं.

… नाही विचारत? नक्की?

… मग पायांत चपला घाल आणि नीघ. मी दवाखान्याच्या फाटकाशी थांबते. … हो, हो. ठेव आता.