काचेखालचा निळा फोड

सांगलीच्या दातांच्या दवाखान्यात साळूबाई कवळीसाठी ताटकळत बसल्या होत्या. तपासणी उरकून पलूसकडचे एक म्हातारे नवरा-बायको शेजारी येऊन टेकले. म्हाताऱ्याच्या खालच्या ओठावर करवंदाएवढा निळा फोड होता.

"डॉक्टरनी फोडावर काच दाबली तवा निळं पार गेलं, उचलली की परत आलं. शीर फुगलीय म्हणाले, कॅन्सर न्हाई. ऐकलंसा न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

"ऐकलं."

"मग तोंड का पाडलंय? मिलिटरीतला गडी, महिनाभर मरायची तयारी केली, ती वाया गेली व्हय?"

"हसू नगंस."

"हसू न्हाई तर काय करू? नऊ वर्सं सख्ख्या भावाशी अबोला. फोडाचं कळलं तसं भावजी रोज सांजचं येऊन बसत्यात, न् तुमी त्यास्नी च्या पाजताय!"

"व्हय, पाजतोय."

"थांबा, फोन लावते त्यास्नी. जीव भांड्यात पडंल."

"अगं, ठेव त्यो फोन."

"का वं?"

"मी मरत न्हाई म्हटल्यावर कशाला यील त्यो?"

साळूबाईंनी चोरून पाहिलं. म्हातारीनं फोन पिशवीत टाकला.

"बरं, न्हाई सांगत. पर सांजचं ते आलं की जरा कण्हत जावा. लय ठणठणीत दिसताय."