दुसरी वाटी

...आणि वर बायको मलाच म्हणते, तोंड वाकडं करू नका! अहो, तुम्हीच सांगा, माणसाने पहाटे उठून डेपो गाठायचा, बारा मीटर लांबीची बस गर्दीतून अलगद काढायची, दुपारी कसाबसा बाकावर टेकून डबा उघडायचा, आत लालभडक रस्सा, वास असा की शेजारचा कंडक्टर मान लांब करून बघतोय, आपण मोठ्या आशेने पहिला घास घेतो... आणि त्यात सोया!

तुम्हाला सांगतो, झालं काय. टाइप टू डायबेटिस मला सात वर्षं आहे. त्याचं माझं काही भांडण नव्हतं. पण यंदाच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर आली नऊ पॉइंट चार! डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तीन महिने देते. आकडा आठाच्या खाली आला नाही, तर स्टेअरिंगवर बसता येणार नाही." मग बसायचं कुठे? तर आत, टेबलावर! एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्यांची नोंद करायची? मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगू, दुसरं काही आवडतही नाही.

बाईंनी एक कागद दिला. गोळ्या चालू, गोड बंद, तळलेलं बंद, मटण कमी आणि त्याच्या जागी सोया. प्रथिनं भरपूर, पोट भरतं, साखर एकदम उसळत नाही. म्हटलं, एवढंच ना? पण तो कागद पडला बायकोच्या हातात. बायको कोण? पोस्टात, पार्सलच्या काउंटरवर, सव्वीस वर्षं! कागदावर लिहिलंय सोयाच्या वड्या पन्नास ग्रॅम, म्हणजे पन्नास. काटा आणला, ओट्यावर मांडला, एकेक वडी टाकतेय, एकावन्न दिसले की अर्धी मोडून काढतेय! मग त्या भिजत घालायच्या. आणि भिजल्या की काय होतं माहितेय ना? फुगतात! मूठभर घातलेल्या पातेलंभर निघतात. मी आपलं भीत भीत म्हटलं, अगं, हे जरा जास्त नाही वाटत? तर म्हणाली, "वजन झालंय." झालं, काउंटर बंद.

मग काय विचारता! सूप केलं, त्यात सोया. कटलेट केले, त्यात सोया. ऑम्लेट म्हणून मोडलं तर आतून वड्या घरंगळल्या. वाढदिवसाला बिनसाखरेचा केक केला, मला भरून आलं हो, सुरी घातली... आणि त्यात सोया! डबा त्या कंडक्टरच्या गळ्यात मारून बघितला. तीन दिवस मिटक्या मारत खाल्ला त्याने, चौथ्या दिवशी म्हणतो, काका, आजपासून मी घरूनच जेवून येतो.

संध्याकाळी तर वाट्या दोन. पहिली मी डोळे मिटून संपवायचो, आणि ती दुसरी भरायला वळली रे वळली की पायात चपला! पाय मोकळे करून येतो म्हणायचो आणि सुटायचो. आधी पंधरा मिनिटं फिरायचो, पण परत यावं तर वाटी झाकून ठेवलेली. मग अर्धा तास. मग तास! गल्लीला फेऱ्यावर फेऱ्या, खालून कानोसा घ्यायचा, भांडी घासल्याचा आवाज आला की वर. तीन महिने असा पळालोय मी!

रिपोर्टच्या दिवशी, खोटं कशाला बोलू, बायकोला सोबत घेऊन गेलो. बाईंनी कागद उघडला, पुन्हा वाचला. "सात पॉइंट एक." अहो, मी उठलोच! भर दवाखान्यात बायकोला मिठी मारली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बस माझी राहिली हो, बस माझी राहिली! बायको एवढंच म्हणाली, सोया. असं म्हणाली की जणू तिनेच पेरला होता.

बाईंनी विचारलं, किती घेत होता? बायको म्हणाली, दोन्ही वेळा पन्नास ग्रॅम, कोरडं वजन. बाई पेन ठेवून बघतच राहिल्या. "अहो, पन्नास ग्रॅम भिजवल्यावर!" तर ही म्हणते, आमच्याकडे पार्सल भिजवून मोजत नाहीत.

म्हणजे तिप्पट! तिप्पट खात होतो मी! आता एक तृतीयांश, या आनंदात माझी जीभच सुटली. बाई म्हणाल्या, नुसत्या सोयाने आकडा इतका उतरत नाही, आणखी काय करत होता? आणि मी गाढवासारखा सांगून बसलो. दुसरी वाटी, चपला, गल्ली, सगळं! बाई हसल्या आणि कागदावर लिहिलं, रोज एक तास चालणे, कायम. बायको हसली नाही.

आता वाटी एकच असते, छोटी. खाऊन होते. मग ही दारात उभी राहते, हातात दुसरी वाटी, काठोकाठ भरलेली, नजर घड्याळावर. "तासाच्या आत परत आलात, तर ही खायची."

काल छप्पन्न मिनिटांत आलो. म्हटलं, चारच तर मिनिटं आहेत, सोडेल.

त्यात सोया होता.