कडू कार्लोता

मेक्सिकोतल्या कोलिमा गावात तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानापुढे अमालिया गरम तोर्तिया गुंडाळायचं फडकं घेऊन रांगेत उभी होती. पुढे शेजारच्या गल्लीतल्या सोकोरोबाई होत्या, आणि त्यांच्यापुढे त्यांना पाहून तोंड लपवणारी नायेली.

"नायेली! लपतेस कशाला?"

"लाज वाटते हो, सोकोरोबाई. तुमचे वडील गेले, त्यांच्या प्रार्थनेला मी ती लिंबाची गोड कार्लोता पाठवली ना? उरलेली घरी चाखली, तर कडूजहर!"

"होतीच कडू."

"बिस्किटांचे थर नीट लावले. लिंबू पिळल्यावर आटवलेलं दूधही छान घट्ट झालं. पण साल किसताना..."

"सालीखालचं पांढरंही उतरलं. आईनं सांगितलं."

"त्यांनी खाल्ली? अरे देवा!"

"बाबांना मूठमाती दिल्यापासून तिच्या पोटात घास नाही, तोंडात शब्द नाही. लोकांनी पाव आणले, मक्याचे उकडलेले तामाले आणले, तिनं ढुंकून पाहिलं नाही. कार्लोता बाबांच्या आवडीची, म्हणून एक चमचा घेतला."

"आणि?"

"तोंड वाकडं करून म्हणाली, 'कुठल्या गाढवीनं केलंय हे?'"

नायेली डोळे पुसू लागली.

"रडतेस काय? आम्ही सगळ्या आधी हसलो, मग रडलो. शेवटी आईही रडली, आणि जेवली. तुझे उपकार कसे फेडू, पोरी?"

"गाढवीचे कसले उपकार!"

"रविवारी ये. साल कशी किसायची ते तीच दाखवणार आहे."

रांग पुढे सरकली, तरी मागे ऐकत उभ्या असलेल्या अमालियासकट तिघींपैकी कोणी हललं नाही.

"लिंबं किती आणू?"

"पोतं भरून आण. तिला अजून खूप बोलायचंय."